गोदाक्का, तुमचं नाव मी गाळलं

अक्का, तुमची पेटी मी उघडली. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, भर दुपारी, वडवणीच्या तुमच्या भाड्याच्या खोलीत, आतून कडी लावून. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लई घाई झाली गं बया तुला." झालीच होती. तुमच्यापुढं आता खोटं कशाला बोलू? तेराव्याच्या पंगतीत चुलत दीर वाढता वाढता माझ्या कानाशी लागले, "वहिनी, पेटी बघून घ्या. बाईनं काय लिहून बिहून ठेवलं असंल तर आधी आपल्या हाताला लागू द्या." त्यांनी सांगायची गरजच नव्हती. तुम्हाला बीडच्या दवाखान्यात नेलं त्याच दिवशी पेटीची किल्ली मी कनवटीला लावली होती. नणंद तिकडं ऑक्सिजनवर आणि भावजयीचा जीव किल्लीत. अशी बाई मी, तुम्हाला नवीन नाही.

पेटीत फार काही नव्हतं. नर्सबाईच्या नोकरीतल्या दोन पांढऱ्या साड्या, लसीकरणाच्या जुन्या वह्या, सासूबाईंची घोंगडी. त्याखाली एक निळी फाईल, वर तुमच्या ठसठशीत अक्षरात 'शीतल, डॉक्टरकी'. ती मी बाजूला ठेवली, कारण मी शोधत होते दुसरंच. आणि ते सापडलं. फाईलीखाली, प्लास्टिकच्या पिशवीत, आपल्या चार एकराचा सातबारा. नवाकोरा, याच हिवाळ्यात काढलेला.

म्हणजे माझा संशय खरा होता की काय? दोन वर्षं मी ज्याच्यावर डोळ्यात तेल घालून बसले होते ते खरंच तुमच्या मनात होतं? पिशवी उलटी केली, घोंगडी झटकली, साड्यांच्या घड्या मोडल्या. दुसरा एक कागद निघाला नाही. ना अर्ज, ना इच्छापत्र. नुसता सातबारा. आता विचारायचं कुणाला?

तुम्हाला ठाऊक असलेलंच परत सांगते, अक्का. कारण हे मी आजवर कधी मोठ्यानं सांगितलेलं नाही, आणि एकदा तरी माझ्या तोंडून ते नीट ओळीनं निघायला पाहिजे.

मी तुमच्या एकुलत्या भावाची बायको. ते गेले तेव्हा शीतल सातवीत होती. जमीन तेव्हाही मामांजींच्या नावावर आणि आजही मामांजींच्याच नावावर, कारण वारस लावायचे म्हटलं की त्यात तुम्ही येणार, आणि तुम्ही येऊ नये म्हणून मी तलाठ्याच्या दारातच गेले नाही. तुम्ही कधी हक्क मागितला नव्हता. पण न मागणाऱ्या माणसाची मला जास्त भीती वाटते. मी अंगणवाडी चालवते, माणसं जवळून बघते. एकाच लेकराचं नाव दोन गावच्या अंगणवाडीत लावून दोन्हीकडचा खाऊ नेणारे आईबाप मी पकडलेत. म्हणून तर तुम्ही मला फौजदारीन म्हणायचात. उंबऱ्यातूनच आवाज यायचा, "हाय का घरात आमची फौजदारीन?" शीतल खदाखदा हसायची आणि मला राग यायचा.

शीतलला डॉक्टर व्हायचं वेड तुम्हीच लावलंत. पाचवीत होती तेव्हापासून सुट्टीत तुमच्या उपकेंद्रावर, आष्टीकडं, तुमच्या मागं मागं. तिला बीपीचं यंत्र लावता यायचं आठवीत. मला ते आवडायचं नाही, स्पष्ट सांगते. तुम्हाला मूलबाळ नाही, नवऱ्यानं दुसरी केली, तुम्ही निघून आलात. माझ्या मनात यायचं, ही बाई माझी पोरगी फितवतेय. आज पोरगी, उद्या जमीन. असं माझं गणित.

पण कागदांचं काम आलं आणि मला तुमच्याशिवाय गत्यंतर उरलं नाही. बारावीला सायन्स, पुढं नीटची परीक्षा, आणि सरकारी कॉलेजात एमबीबीएसची जागा पाहिजे तर दाखल्यांची ही चळत. तुम्ही मला ओट्यावर बसवून समजावलंत, "हे बग, मार्क पोरगी आणंल. कागद आपुन आणायचे. मार्क कमी पडले तर ती रडंल, कागद कमी पडला तर आपुन." रहिवासी, उत्पन्न, नॉन क्रिमिलेअर, जातीचा दाखला. आणि सगळ्यात अवघड म्हणजे जात पडताळणी, जिला सगळे व्हॅलिडिटी म्हणतात. मी म्हणाले, "दाखला सरकारनंच दिलाय ना? मग परत पडताळणी कशाची?" तुम्ही फस्सकन हसलात. "सरकार पन तुज्यासारखंच हाय गं. सोताच दिलेल्या कागदावर इस्वास न्हाई."

आपल्यासारख्या मेंढरं राखणाऱ्या घराला ही पडताळणी म्हणजे डोंगर. जात शाबित करायला जुना शाळेचा पुरावा पाहिजे, आणि आपली म्हातारी माणसं शाळेत गेली कधी? आज या शिवारात, उद्या त्या शिवारात. तुम्ही नोकरीला लागलात तेव्हा तुम्हालाही तोच पुरावा मागितला होता. तुम्ही सुट्ट्या टाकून गावं पालथी घातलीत आणि युसूफ वडगावच्या शाळेत तुमच्या चुलत आजोबांचं, धोंडिबाचं नाव शोधून काढलंत. तिथं कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवली होती, तेवढ्या तीन महिन्यांत पोरगं पहिलीत जाऊन बसलं होतं. रजिस्टर निजामाच्या वेळचं, सगळं उर्दूत. तुम्ही एका म्हाताऱ्या उर्दू मास्तरांना हातापाया पडून घेऊन गेलात, त्यांनी बोट ठेवून वाचलं, धोंडिबा वल्द बिराजी, म्हणजे बिराजीचा पोरगा, आणि पुढं जात. ते सांगताना तुमचा चेहरा असा फुलायचा की मला वाटायचं, या बाईला एक नाव सापडल्याचा एवढा आनंद?

त्या नावावर तुमची व्हॅलिडिटी झाली. आपल्या अख्ख्या भावकीत एकट्या तुमच्याकडं ती होती. आणि बापाकडच्या रक्ताच्या माणसाकडं व्हॅलिडिटी असली की लेकराचं काम सोपं होतं. म्हणजे शीतलची जागा तुमच्या त्या एका कागदाला बांधलेली. तुम्ही तिची आत्या आहात एवढं सरकारला दिसलं की झालं.

ते दिसायला लागते वंशावळ.

हा शब्द तुम्ही उच्चारलात आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. तुमच्या लेखी वंशावळ म्हणजे पडताळणीचा कागद. तुम्ही नोकरी केली, कचेऱ्या बघितल्या. माझ्या लेखी, गावातल्या कुठल्याही बाईच्या लेखी, वंशावळ म्हणजे वाटणी. आमच्या आळीत एकीची नणंद वंशावळ घेऊन तलाठ्याकडं गेली आणि वर्षाच्या आत बांध पडला. तेव्हापासून हा शब्द ऐकला की बायका पदर सावरून उभ्या राहतात.

तुम्ही कॅलेंडरच्या पाठीवर रेघा ओढत होतात. वर बिराजी. त्याखाली म्हाळू आणि धोंडिबा. म्हाळूखाली मामांजी. मामांजींखाली दोन रेघा. एकीखाली माझ्या मालकाचं नाव, दुसरीखाली तुम्ही लिहिलंत, गोदावरी.

"तुमचं नाव कशाला यात?" मी विचारलं.

"मंग? मी काय आबाळातून पडले?"

"तसं न्हाई, पोरीचं काम हाय. बापाचं, आज्याचं नाव पुरं की."

"अगं, माजीच व्हॅलिडिटी जोडायची हाय. माजं नावच नसल्यावर कोन म्हणंल मी तिची आत्या म्हनून?" आणि मग हसत हसतच, "तसं बी माजं नाव कुटं हाय? सासरच्या रेशनकार्डावरनं काडलं, हिकडच्यावर परत चडलंच न्हाई. एका कागदावर तरी ऱ्हाऊ दे बाई."

तुम्ही कारण सांगितलं होतंत. सरळ, दोन वाक्यांत. माझ्याकडं आज तेवढीही पळवाट नाही की मला कुणी सांगितलं नव्हतं. पण मला ते कारण वाटलंच नाही, निमित्त वाटलं. शेवटचं वाक्य तर माझ्या काळजात रुतून बसलं. एका कागदावर तरी राहू दे! म्हणजे हिला नाव लावायचंय.

प्रतिज्ञापत्र पालक म्हणून माझ्या सहीनं करायचं होतं. तुमचा गुडघा सुजला होता म्हणून मी एकटी तहसीलला गेले. टाइप करणाऱ्यानं कॅलेंडरचं पान समोर ठेवलं, खडाखडा नावं उतरवली. गोदावरीपाशी आला तसं मी म्हणाले, "ही ओळ ऱ्हाऊ द्या."

"कोण ही?"

"दिलेली हाय."

"बरं," म्हणाला. एक बटण दाबलं आणि तुम्ही गेलात. त्याला काही वावगं वाटलं नाही. लेकीबाळींची नावं असल्या कागदात कोण घालतं? त्यानं विचारलं असतं, बाई, विचार करा, तर कदाचित मी थांबले असते. कदाचित. आता त्याच्यावर ढकलून काय उपयोग?

तिथून तशीच कॉम्प्युटरच्या दुकानात गेले आणि सगळे कागद ऑनलाइन चढवून घेतले. घरी आल्यावर तुम्ही हात पुढं केलात, "आण, वाचू दे एकदा." मी म्हणाले, झालं पण, चढवलं त्यानं. तुम्ही क्षणभर माझ्याकडं बघितलंत. डोळ्यावरचा चष्मा काढलात, पुसलात, परत घातलात. "बरं केलंस," म्हणालात. अक्का, तुम्हाला तेव्हाच कळलं होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की त्या चष्म्याची काडी सुद्धा मला दिसते. कळलं असेल तर गप्प का बसलात? आणि कळलं नसेल तर तसं बघितलंत कशाला?

मध्ये माझ्या मोबाइलवर मेसेज आला होता. इंग्रजीत, खाली लिंक. आमच्या मिटिंगमध्ये मॅडम सारख्या बजावायच्या, लिंक दाबली की खातं रिकामं. मी तो पुसून टाकला आणि स्वतःला शहाणी समजले. पडताळणीत त्रुटी निघाल्याचा मेसेज होता तो. नुसता शीतलला दाखवला असता तरी भागलं असतं. पण कुणाला काही दाखवणं माझ्या स्वभावातच नाही.

निकाल लागला तो दिवस आठवतो? तुम्ही वडवणीहून पेढ्याचा पुडा घेऊन आलात आणि बसमध्येच निम्मे वाटून टाकलेत. मार्क असे की आपल्या प्रवर्गातून सरकारी कॉलेज हातात, खुल्यातून मात्र नाही. शीतल तुमच्या गळ्यात पडली, मग माझ्या. आधी तुमच्या. मी तेही मनात नोंदवून ठेवलं.

मग राज्याच्या प्रवेशाचा फॉर्म भरायला बसली आणि कळलं, पडताळणी झालेलीच नाही.

बीडच्या कचेरीत आपण तिघी गेलतो. तिथले साहेब चांगले होते, त्यांनी पडदा आपल्याकडं वळवला. "बाई, तुमची व्हॅलिडिटी जोडलीय, पण वंशावळीत तुम्ही आहातच कुठं? मेसेज गेलाय, उत्तर नाही." तुम्ही वाकून बघितलंत. मामांजींच्या नावाखाली एकच रेघ. खाली माझी सही. तुम्ही माझ्याकडं वळलात, अगदी सावकाश, आणि मी मनात म्हटलं, आता ही सगळ्यांसमोर माझी अब्रू काढणार.

"माज्याच हातनं ऱ्हायलं," तुम्ही शीतलला म्हणालात. "नावं लिहून देताना माजंच नाव लिवायचं इसरले बग मी."

बाहेर रसवंतीपाशी शीतल फुटली. रस्त्यानं जाणारी माणसं थांबून बघत होती. "स्वतःचं नाव विसरलात तुम्ही? स्वतःचं? जन्मभर दुसऱ्यांच्या लेकरांना सुया टोचल्या, आणि सख्ख्या भाचीचा एक कागद नीट करता आला नाही? माझं वर्ष घालवलंत तुम्ही, आत्या. मला तोंड दाखवू नका." तुम्ही खाली मान घालून उभ्या. मी पर्सची चेन लावत होते आणि उघडत होते. एक शब्द बोलले नाही, अक्का. पोरगी तुम्हाला नको नको ते बोलली आणि मी चेन लावत होते.

सगळी पळापळ केली, पण मुदत गेली ती गेली. तिला खुल्यात धरलं, खुल्यात जागा नव्हती. पुढं तुम्हीच मला नव्यानं वंशावळ करायला घेऊन गेलात. टाइप करणाऱ्याला म्हणालात, "थांबा, आदी ही हातानं लिहून देईल." मी लिहिलं, गोदावरी. तुम्ही शेजारी बसून शेंगदाणे खात होतात. दिवाळीनंतर शीतलची व्हॅलिडिटी आली. ती तुम्ही माझ्या हातात दिलीत, कारण तुमचा आवाज ऐकून शीतलनं आतल्या खोलीचं दार लावून घेतलं होतं.

तरी तुम्ही दर रविवारी यायचात. जुन्या प्रश्नपत्रिका उंबऱ्याच्या आत ठेवायच्या, विचारायचं, "जेवली का पोरगी?" आणि परतीची बस धरायची. ती त्या प्रश्नपत्रिका सोडवायची, तुमच्याशी बोलायची नाही. एकदा मी न राहवून म्हणाले, किती दिवस असं? तर म्हणे, "रागात अब्यास बरा होतो. ऱ्हाऊ दे."

आणि एकदा विचारलंच मी. रानात तुरीच्या शेंगा तोडत होतो, दोघीच होतो. "अक्का, तुमी खोटं कावून बोलले?"

"कंदी?"

"उगं येड पांघरू नका. कचेरीत."

तुम्ही ओटीतल्या शेंगा टोपलीत ओतल्यात. "तिला वरीसभर घरात बसून अब्यास करायचाय. आईवर चिडली तर ती घरात बसंल कशी? जेवंल कुणाच्या हातचं? माज्यावर चिडली तर चिडू दे. मी काय, बस धरते न् जाते." मग टोपली उचलता उचलता, "परीक्षा झाली की सांग तिला. तूच सांग. मी न्हाई सांगायची."

इतकं साधं कारण. कुठल्याही बाईनं त्यावर तुमचे पाय धरले असते. मी काय केलं? मी घरी येऊन हिशेब लावत बसले की आता ही मला कशात अडकवणार. मला वाटलं, हिनं माझी नस धरलीय. आज ना उद्या कागद पुढं सरकवील, कर सही, नाहीतर सांगते पोरीला. दर रविवारी तुमच्या पिशवीकडं बघायचे, त्यातून प्रश्नपत्रिकाच निघाल्या की हायसं वाटायचं आणि परत आठ दिवस धास्ती. एकदाचं मागून तरी मोकळ्या व्हा, असं व्हायचं मला. तुम्ही मागितलंच नाही. तुम्ही माझ्यावर उपकार केलात आणि मी त्यात खोट शोधत राहिले. माफी मागायची तर आधी उपकार मानावा लागतो ना, म्हणून मी तो मानलाच नाही.

दवाखान्यात तीन दिवस होतात. मी शीतलला चल म्हणाले, एकदाच म्हणाले, तिची टेस्ट होती, ती नाही म्हणाली. मी जोर केला नाही. का केला नाही? ती आली असती आणि तुम्ही तोंड उघडलं असतंत तर? बघा, तुम्ही मरणाच्या दारात आणि मी पहारा देतेय. शेवटच्या दिवशी तुम्ही नाकावरचं खाली ओढून मला जवळ बोलावलंत. वाटलं, आता जमिनीचं निघतं. तुम्ही म्हणालात, "फोटो पांडऱ्या पडद्यापुडं काडा. गेल्या वर्साला निळा निगालता, परत काडावा लागला." बस. नीटच्या फॉर्मचा फोटो. हेच तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

आता तो सातबारा. नाव लावायला काढला असेल, नाव सोडायला काढला असेल. दोन्ही कामाला सातबारा लागतोच. पंधरा दिवस मी तो कागद उलटा सुलटा करून बघतेय, त्यावर काही लिहिलेलं नाही. मला वाटून घ्यायला आवडेल की तुम्ही हक्क सोडणार होतात. म्हणजे तुम्ही देवी आणि माझं काम सोपं. पण तुम्ही देवीबिवी नव्हतात. तुम्ही टोचून बोलायचात, माझ्या भाकरीला नावं ठेवायचात, आणि तुम्हाला कुठल्या तरी कागदावर तुमचं नाव हवं होतं. समजा, लावायलाच काढला असेल. तर? बापाच्या मेंढरामागं अनवाणी तुम्हीही हिंडलात की. चार एकरात तुमचं नाव लागलं असतं तर माझं काय बिघडलं असतं? हे मी आज म्हणतेय, तुम्ही नसताना. तुम्ही समोर असतात तर म्हणाले असते का, याची मला खात्री देता येत नाही.

तुम्ही परीक्षा होऊ दे म्हणाला होतात. परीक्षेला अजून अवकाश आहे. मी तुमच्या शब्दाचा मोठा आधार घेतला होता. अक्काच म्हणाल्यात, मग कशाला आत्ता पोरीचं चित्त विचलित करा? तुम्ही गेल्यावर तर तो शब्द मला फारच सोयीचा झाला. सोयीचा झाला म्हणूनच मला माझा संशय यायला लागला.

चार दिवसांपूर्वी शीतल फॉर्म भरायला बसली. मी तुमची निळी फाईल तिच्यापुढं ठेवली. सगळ्या दाखल्यांच्या पाच पाच प्रती, प्रत्येकावर चिठ्ठी, कुठला कधी संपतो, कुठला नव्यानं काढायचा. तिनं हात सुद्धा लावला नाही. "ठेव तिकडं. स्वतःचं नाव विसरणाऱ्या बाईवर मी परत विसंबू का? मी सगळं दुकानातून नव्यानं काढते."

ती असं बोलली आणि मला राहवेना. मेलेल्या माणसाला ते बोलणं परतवता येत नाही. मी म्हणाले, "ती विसरली न्हवती. मी गाळलं."

तिला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं. टाइपवाला, मेसेज, कचेरी, तुरीचं रान. सातबाराही तिच्यापुढं ठेवला, काही मागं ठेवलं नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं आता रसवंतीपाशी ओरडली तशी ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"आत्याला माहीत होतं?"

"हो."

"आणि मी तिला बोलत होते तेव्हा तू तिथंच उभी होतीस."

"हो."

"मी तिला तोंड दाखवू नका म्हणाले होते, आई." ती फाईलीकडं बघत म्हणाली. "दवाखान्यात पण मी गेले नाही. ते आता मी कुणापाशी जाऊन परत घेऊ?"

तिनं फाईल ओढून घेतली, मांडीवर उघडली आणि तुमच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचायला लागली. रडत होती आणि वाचत होती. मी पाठीवर हात ठेवायला गेले तर अंग चोरून घेतलं तिनं.

फॉर्म भरला, अक्का. तुमच्याच कागदांवर भरला. फोटो पांढऱ्या पडद्यापुढं काढला. अभ्यास चालू आहे, पहिल्यापेक्षा जास्तच करतेय. ताट पुढं ठेवलं की जेवते. फक्त माझ्याशी बोलत नाही. काही लागलं तर भिंतीकडं बघून सांगते, मीठ संपलंय, दिवे गेलेत, एवढंच. चार दिवस झाले. चारच दिवसांत मला घर खायला उठलंय. सकाळी अंगणवाडीत लेकरांचं वजन घेताना काट्यावरचा आकडा दिसेना झाला, इतकं डोळ्यात पाणी.

हा अबोला पहिल्यापासून माझ्या नावचा होता. तुम्ही सहा महिने तो स्वतःच्या अंगावर घेऊन दर रविवारी बसनं येत होतात, उंबऱ्यातून हाक मारत होतात, पोरगी जेवली का म्हणून विचारत होतात, आणि तो इतका जड असतो हे तुम्ही मला एकदाही कळू दिलं नाहीत.